वाघामागची जमीनही चित्रात हवी

ताडोबाच्या वाघाचे छायाचित्र म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चौकट येते. समोरून चालत येणारा वाघ, मिशांचा केस न् केस मोजता येईल इतका स्पष्ट चेहरा, आणि मागे हिरव्या-पिवळ्या रंगांचा धुरकट पडदा. छायाचित्रकारांच्या बोलीत हा ‘हेडऑन’. सहाशे मिलिमीटरच्या लेन्सने तो टिपायचा, उरलेसुरले गवतही कापून टाकायचे आणि पुढे पाठवायचा. अशा चित्रात वाघ असतो, पण ताडोबा नसतो. तोच चेहरा रणथंबोरचा म्हणून खपेल, प्राणिसंग्रहालयातला म्हणूनही खपेल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वन्यजीव छायाचित्रणाने आता ही चौकट रुंद करायला हवी. वाघ तिच्यात लहान दिसला तरी चालेल. तो कोणत्या भूमीवर उभा आहे हे दिसायला हवे. हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न नाही. या दोन जिल्ह्यांत वाघाचे भवितव्य ठरते ते त्याच्या मागे धूसर झालेल्या त्या जमिनीवर.

चंद्रपूरहून ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराकडे निघाले की काय लागते ते आठवा. दुर्गापूर आणि पद्मापूरच्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खुल्या कोळसा खाणी, खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगराएवढे ढिगारे, त्यांवर माजलेली काटेरी बाभळ, २,९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, आणि पुढे इरई धरणाचे पाणी. याच झुडपांत वाघ-बिबटे वावरतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला, तेव्हा बाहेरच्यांना हे कळले. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या रहिवाशांना ते आधीपासून ठाऊक होते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर, त्यात गाभा क्षेत्र अवघे ६२५. बाकी बफर, म्हणजे गावे, शेते, गुरे आणि माणसे. त्यापलीकडे ब्रह्मपुरीच्या जंगलात तर धानाच्या बांध्या, गावची बोडी (तळे) आणि वाघाची वाट एकमेकांत मिसळलेली आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जुनोन्याजवळ रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे चिरडले गेले. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. रूळ, खाण, तेंदूचे रान यांपैकी काहीही आपल्या लाडक्या वाघचित्रांत येत नाही. मग पुण्या-मुंबईतल्या वाघप्रेमीला प्रत्येक बातमी आभाळातून पडल्यासारखी वाटते, यात नवल काय?

रुंद चौकट लोकांचे मन वळवू शकते, याला दाखले आहेत. स्टीव्ह विंटर यांनी कॅमेरा ट्रॅप लावून लॉस एंजेलिसच्या ‘हॉलीवूड’ या अक्षरांखालून जाणारा पी-२२ हा डोंगरसिंह टिपला आणि २०१३ मध्ये ते चित्र ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये आले. नुसता चेहरा छापला असता तर तो आणखी एक डोंगरसिंह ठरला असता. अक्षरांमुळे तो शहराचा रहिवासी ठरला. तिथला महामार्ग प्राण्यांना ओलांडता यावा म्हणून पूल बांधण्याची चळवळ या प्राण्याभोवती उभी राहिली आणि २०२२ मध्ये बांधकाम सुरू झाले. त्यामागे संशोधकांची अनेक वर्षांची मेहनत होती, पण लोकांना प्रश्न दिसला तो चित्रामुळे. आपल्याकडे नयन खानोलकर यांनी मुंबईत आरेच्या वस्तीतल्या गल्लीतून जाणारा बिबट्या टिपला. त्याला २०१६ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेच्या शहरी विभागात पहिला मान मिळाला. त्यात बिबट्याइतकीच ती गल्ली बोलते. ध्रुवीय समुद्रात हिमकड्याखाली शेपूट उचललेल्या देवमाशाचे एखादे चित्रही असेच. एवढा प्रचंड जीव तिथे ठिपक्याएवढा दिसतो, आणि बर्फ वितळला तर काय जाईल हे सांगावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप जिप्सीचालक आणि गाइड घेतील, आणि तो रास्त आहे. पर्यटक येतो चेहऱ्यासाठी, त्याच्या पैशावर मोहर्ली-कोलाऱ्याच्या कित्येक घरांतली चूल पेटते. ताडोबाची ‘माया’ वाघीण २०२३ मध्ये दिसेनाशी झाली तेव्हा राज्यभर जी हळहळ झाली, तीही जवळून काढलेल्या चित्रांनी जोडलेल्या नात्यातून. हे नाते खोटे नाही, पण ते एका वाघिणीपाशी थांबते. शिवाय जवळच्या चित्राची हाव गाड्या पुढे रेटते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. दूरवरचे चित्रही चांगले असते हे पर्यटकाला पटले, तर चालकावरचा दबाव कमी होईल आणि फेरी तेवढीच राहील. एक तांत्रिक गोष्ट मात्र सांभाळायला हवी. रुंद लेन्स लावली की प्राणी मोठा दिसावा म्हणून जवळ जावे लागते. मोबाइलचे तेच होते. जिप्सीतून काढायचे असेल तर अंतर राखूनच, वाघ लहान ठेवून काढावे. जवळून रुंद दृश्य हवे असेल तर ते वन विभागाच्या परवानगीने लावलेल्या कॅमेरा ट्रॅपचे काम.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: परिसर दिसला की जागा ओळखू येते. जानेवारी २०२५ मध्ये राजुऱ्यात आंतरराज्य शिकारी टोळीतला आरोपी पकडला गेला, त्यामुळे ही भीती कल्पनेतली नाही. म्हणून संरक्षित क्षेत्राबाहेरची चित्रे काही महिन्यांनी प्रसिद्ध करावीत, नाला किंवा कंपार्टमेंटचे नाव देऊ नये, फाइलमधली जागेची नोंद पुसावी. एवढी शिस्त पाळता येते. तिसरा धोका सौंदर्याचाच. धुक्यातला ताडोबा तलाव टिपताना तिथून उठलेली गावे आणि काठावरचे तारूचे देवस्थान चौकटीबाहेर ठेवले, तर ते दृश्य भव्य असूनही अपुरे राहील. गोंड समाजाच्या आख्यायिकेत तारू हा वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख आहे. गाव, वाघ आणि पाणी तिच्यात एकत्रच नांदतात.

गडचिरोलीची गरज याहून मोठी आहे. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल, पण वृत्तपत्रांत तो दिसत आला आहे नक्षल चकमकींच्या बातम्यांत. वाघ वैनगंगेपलीकडे वडसा-आरमोरीच्या रानांत स्थिरावले. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्ती आले आणि धानाचे नुकसान सुरू झाले. सिरोंचाकडे कोलामार्क्यात राज्यातल्या रानम्हशींचा शेवटचा आधार आहे. एटापल्लीत सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते आहे. हे बदल एकाच पिढीत घडत आहेत आणि त्यांची सलग चित्रनोंद जवळजवळ नाही. वन विभागाच्या छायाचित्र स्पर्धांत ‘अधिवासासह वन्यजीव’ असा वेगळा विभाग ठेवावा, बफरमधल्या आणि गडचिरोलीच्या गावांतल्या तरुणांना कॅमेरे आणि प्रशिक्षण द्यावे. हत्ती तुडवून गेलेली धानाची बांधी सकाळी सर्वांत आधी त्यांनाच दिसते. आणि संपादकांनी वाघाची बातमी छापताना संग्रहातला जुना चेहरा उचलण्याऐवजी घटनास्थळाचा रूळ, खाण किंवा रान दाखवणारे चित्र मागवावे.