निष्ठा कोणाशी?



गेल्या रविवारी मिस्सानंतर गायनमंडळातला एक तरुण म्हणाला, "काका, नवा फोन घेतोय, हप्त्यावर. आमच्या घरी पहिल्यापासून हीच कंपनी." मी विचारले, "जुन्याला काय झाले?" "झाले काही नाही. चार्जिंग टिकत नाही, इतकेच."

त्याला नोकरी लागून तीनच महिने झालेत. धाकट्या बहिणीची कॉलेजची फी त्यालाच भरायची आहे. म्हणून 'हीच कंपनी' हे शब्द मनातून जाईनात.

आपण कंपनीशी एकनिष्ठ राहतो. कंपनी आपल्याशी राहते का? बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग आपणच सॉफ्टवेअरमधून कमी करत होतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असे कारण दिले. पण ग्राहकांना आधी ते स्पष्ट सांगितले नव्हते. गवगवा झाल्यावर अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. म्हणजे तिथेही अनेकांचे काम नव्या बॅटरीने भागणार होते! एलजीने तर २०२१ मध्ये फोनचा व्यवसायच बंद केला. त्यांच्या निष्ठावंत ग्राहकांनी काय करायचे?

ओळखीचा फोन सोयीचा असतो, हे मान्य. घरातल्या वडीलधाऱ्यांना नवी बटणे शिकवणे सोपे नाही. आणि सुरक्षेचे अपडेट येणे थांबले, तर ज्या फोनवरून आपण पैसे पाठवतो तो बदलणे हेच शहाणपण. अलीकडे काही कंपन्या निवडक फोनना सात वर्षे अपडेट देण्याचे वचन देतात. खरेदीपूर्वी तेच विचारावे. खोक्यावरचे नाव नंतर पाहावे.

म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारू या. बॅटरी बदलून भागेल का? अपडेट अजून येतात का? आणि या हप्त्यामुळे घरातल्या कोणाची गरज मागे पडेल?

'विश्वासू' हा शब्द आपण वेदीपुढे उच्चारतो. तो माणसांसाठी आणि प्रभूसाठी आहे, कंपनीच्या चिन्हासाठी नव्हे. आपल्या आजारपणात कंपनी भेटायला येत नाही, बहीण येते.

शनिवारी आम्ही दोघे दुरुस्तीच्या दुकानात जाणार आहोत. आधी बॅटरीचा भाव विचारू.