विंचवाचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. आमचं चार कड्यांवर होतं, आणि त्यातली एक निसटत होती!

झालं असं, की ऑफिसने मला सध्या अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला पाठवलंय. लाँग वीकएंड आला की इथली पब्लिक डोंगराकडे पळते. आम्हालाही हौस! शेजारच्या आजोबांनी त्यांचा पिकअप ट्रक आणि त्यावरचा जुना कॅम्पर आम्हाला दिला. ट्रक कॅम्पर म्हणजे मागच्या हौद्यात ठेवलेली छोटीशी खोली. बेड, शेगडी, सिंक, सगळं आत. तिला ट्रकवर धरून ठेवतात चार कोपऱ्यांतले चार टाय-डाऊन. वर कॅम्परची कडी, खाली ट्रकच्या चॅसीला अडकवलेला हूक आणि मध्ये फिरवून आवळायचा टर्नबकल. आपण टेम्पोत फ्रिज बांधतो ना, तोच प्रकार. फक्त या फ्रिजचं वजन टनाच्या वर!

निघताना मित्राने विचारलं, "अरे, टाय-डाऊन बघितलेस का?" मी ऐटीत म्हटलं, "आजोबांनी बांधलंय रे, चल!"

स्नोक्वाल्मी पास ओलांडून एलन्सबर्गला आलो. इथे वारा जबरदस्त, जवळच पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे. गाडी डोलायला लागली. पेट्रोल पंपावर उतरून बघतो तर पुढचा डावा टर्नबकल लुळा पडलेला. आवळायला गेलो तर कडीच लाकडाच्या भुश्यासकट बाहेर यायला लागली. बाप रे!

आजोबांना फोन केला. ते अजिबात चिडले नाहीत. "हायवेवर चढू नका," एवढंच म्हणाले आणि दोन तासांत टूलबॉक्स घेऊन हजर! गावातल्याच एका कॅम्पिंगच्या जागेवर गाडी हळूहळू नेली आणि कॅम्पर त्याच्याच चार जॅकवर उचलून ट्रक खालून बाहेर काढला.

आमची ट्रिप तिथेच झाली. कडीभोवतीचं सीलंट तडकलेलं होतं. सिएटलचा पाऊस वर्षानुवर्षं आत झिरपून फ्रेमचं लाकूड कुजलं होतं. नुसती नवी कडी ठोकली असती तर तीही उपटली असती. म्हणून कुजका भाग कापला, उरलेलं लाकूड वाळू दिलं आणि नवा तुकडा इपॉक्सीने बसवून रात्रभर ठेवला. सकाळी कडीचा बोल्ट आरपार घातला, मागे रुंद स्टीलची पट्टी लावली, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरतो. भोकाभोवती ब्युटिल टेप.

मग बांधण्याचा क्लास! हौद्यात रबर मॅट हवी, म्हणजे कॅम्पर सरकत नाही. पुढचे टाय-डाऊन खाली आणि पुढे ओढतात, मागचे खाली आणि मागे. घट्ट करा, पण पैलवानकी नको, अती आवळलं तरी कडी उपटते. पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक पेट्रोल पंपावर परत तपासा. आणि ट्रक किती वजन पेलतो ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. त्या हिशेबात आपण स्वतःही येतो आणि टाकीतलं पाणीही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, राव!

"एवढं कशाला?" मी विचारलं. आजोबांनी २००४ मधली गोष्ट सांगितली. आय-४०५ हायवेवर पुढच्या ट्रेलरमधून फर्निचरची फळी उडाली आणि मागच्या कारची काच फोडून आत घुसली. कार चालवणारी मुलगी २४ वर्षांची. जीव वाचला, दृष्टी गेली. त्यानंतर २००५ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदाच केला. नीट न बांधलेला माल पडून कुणी जखमी झालं, तर तो गुन्हा.

आय-४०५ म्हणजे माझा रोजचा ऑफिसचा रस्ता. ती मुलगी माझ्यापेक्षा लहान होती. माझी कडी हायवेवर निघाली असती तर? मागच्या गाडीत कोण होतं, मी बघितलंही नव्हतं.

तेव्हा दोस्तहो, कॅम्पर असो, कारच्या कॅरिअरवरची बॅग असो, नाहीतर घर बदलताना टेम्पोत टाकलेली गादी, निघण्याआधी दोन मिनिटं उतरून दोरी ओढून बघा. मित्र विचारेल, "बघितलंस का?" माझ्यासारखं उत्तर देऊ नका.