तिरंग्याचे माप: ‘तीनास दोन’च्या पलीकडचा हिशेब

१/१७
राष्ट्रध्वजाचे प्रमाण किती, असे विचारताच बहुतेकांच्या ओठांवर ‘तीनास दोन’ हे उत्तर येते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. हे प्रमाण कोठे ठरले? चक्र नेमके केवढे असावे? तिन्ही पट्टे समानच का? हा हिशेब या धाग्यात मांडतो. माझे मत आरंभीच सांगतो: ध्वजाच्या मापात एक राजकीय करार शिवलेला आहे, आणि तो पाळण्याची जबाबदारी आता सामान्य नागरिकावर आली आहे.

२/१७
आरंभ १९२१ पासून करू. गांधीजींनी पुरस्कारलेल्या चरखांकित ध्वजात पांढरा, हिरवा आणि लाल असे तीन पट्टे होते. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्व धर्मीयांचा, असा अर्थ त्यांना दिलेला होता. रंग जमातींचे मानले की वाटणीचा प्रश्न येणारच, आणि तो आला. आपल्यालाही ध्वजात स्थान हवे, अशी मागणी शिखांनी केली.

३/१७
हा पेच सोडवण्यासाठी एप्रिल १९३१ मध्ये, कराची अधिवेशनानंतर लगेच, काँग्रेसने सात जणांची ध्वज समिती नेमली. पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारा सिंग आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या बरोबरीने तीत दोन मराठीभाषक होते: साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि सेवा दलाचे संस्थापक डॉ. ना. सु. हर्डीकर. हर्डीकरांच्या हुबळीच्या स्वयंसेवकांनी १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास सोसला होता.

४/१७
समितीने सुचवला एकरंगी केशरी ध्वज, त्यावर चरखा. एकच रंग असला की वाटणीचा वादच उरत नाही, हा त्यामागचा विचार. ही सूचना मात्र स्वीकारली गेली नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली आणि केशरी, पांढरा, हिरवा असा तिरंगा मान्य झाला. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गडद निळा चरखा आला.

५/१७
त्या ठरावातील दोन गोष्टी एकत्र वाचा. पहिली: रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे शांती व सत्य. दुसरी: ध्वजाची लांबी व उंची यांचे प्रमाण तीनास दोन राहील. म्हणजे ज्या ठरावाने रंगांची जमातवार वाटणी मोडली, त्यानेच माप बांधून दिले. आपले ‘तीनास दोन’ हे असे मुंबईचे अपत्य आहे.

६/१७
दुसरे प्रमाण डोळ्यांसमोर नव्हते असेही नाही. ब्रिटिशांचे सागरी ध्वज एकास दोन या प्रमाणात असत आणि हिंदुस्थानच्या बंदरांत ते रोज दिसत. मुंबईच्या ठरावाने त्याहून आखूड, आटोपशीर आयत निवडला.

७/१७
आता २२ जुलै १९४७. घटना समितीत नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. त्याआधी राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील ध्वज समितीत विचारविनिमय झाला होता, डॉ. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. ठरावाचा सारांश असा: केशरी, पांढरा व गडद हिरवा हे आडवे पट्टे समान प्रमाणात, आणि मधोमध सारनाथच्या सिंहस्तंभावरील चक्र, निळ्या रंगात.

८/१७
चरखा जाऊन चक्र का आले? याचे एक कारण चक्क भूमितीचे आहे. पूर्ण चरख्यात एका बाजूस चाक असते, दुसऱ्या बाजूस चाती. ध्वज उलट बाजूने पाहिला की चित्र फिरते आणि चाक ध्वजदंडापासून दूर जाते. नेहरूंनी आपल्या भाषणात ही अडचण स्पष्ट सांगितली. चक्र मात्र दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. चरख्याचा अर्थ राखून त्याचे चाक तेवढे ठेवले गेले.

९/१७
ठरावाच्या भाषेतील दोन शब्द अभ्यासकाने अधोरेखित करावेत. चक्राचा व्यास पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीच्या ‘जवळपास’ असेल. उंची व लांबी यांचे प्रमाण ‘साधारणतः’ दोनास तीन राहील. या दोन्ही मापांत थोडी मोकळीक ठेवली होती. पट्ट्यांच्या समानतेला मात्र ‘जवळपास’ किंवा ‘साधारणतः’ असे कोणतेही विशेषण जोडलेले नाही.

१०/१७
‘जवळपास’ म्हणजे किती, हे मानक संस्थेने ठरवले. १९५१ मध्ये ध्वजाचे मानक निघाले. मेट्रिक पद्धत आल्यावर १९६४ मध्ये ते सुधारले गेले आणि १९६८ मध्ये पुन्हा. त्याचा क्रमांक आहे ‘आयएस १’. भारतीय मानकांच्या क्रमवारीत पहिला आकडा राष्ट्रध्वजाला मिळाला आहे.

११/१७
आता प्रत्यक्ष आकडे. अधिकृत आकार नऊ. सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिमी. घरोघरी शोभणारा आकार ९०० × ६००. त्याचा हिशेब करून पाहा: उंची ६००, म्हणून प्रत्येक पट्टा २००. चक्राचा व्यास १८५. म्हणजे चक्राच्या वर आणि खाली साडेसात मिलिमीटर पांढरी जागा सुटते. चक्र पट्ट्याच्या कडांना टेकत नाही. आरे २४, म्हणून दोन आऱ्यांमधील कोन १५ अंश.

१२/१७
येथे एक गंमत आहे. मोठ्या ध्वजांत चक्र पांढऱ्या पट्ट्याच्या सुमारे साडेब्याण्णव टक्के असते (१४०० च्या पट्ट्यात १२९५, ८०० च्या पट्ट्यात ७४०). आकार लहान होत गेला की हे प्रमाणही उतरते. ४५० × ३०० च्या ध्वजात व्यास ९०, म्हणजे ९० टक्के. मोटारीवरील २२५ × १५० च्या ध्वजात ४०, म्हणजे ८०. मेजावरील १५० × १०० च्या ध्वजात २५, म्हणजे ७५. मेजावरचा ध्वज मोजून ‘चक्र पट्ट्याच्या पाऊणपट’ असा सर्वसाधारण नियम सांगणारा म्हणूनच फसतो.

१३/१७
पट्टे समान असणे जगात गृहीत धरलेले नाही. फ्रान्सच्या नौदलाच्या ध्वजात निळा, पांढरा व लाल यांचे प्रमाण ३०:३३:३७ आहे. वाऱ्यावर फडफडताना दुरून ते समान भासावेत, म्हणून कापडात असमान. आपण समानता कापडातच ठेवली. ज्या देशात कोणत्या रंगाला किती जागा यावरून वाद झाला होता, तेथे फूटपट्टी लावून पडताळता येणारी समानता हेच योग्य उत्तर होते, असे मला वाटते.

१४/१७
आता वर्तमान. २६ जानेवारी २००२ पासून ध्वजसंहिता लागू झाली आणि सामान्य नागरिकाला वर्षभर ध्वज लावण्याची मुभा मिळाली; २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर बनलेले आणि पॉलिस्टरचे ध्वजही चालू लागले. संहितेनुसार ध्वज आयताकृती हवा आणि प्रमाण ३:२ हवे. ही अट कायम आहे.

१५/१७
परिणाम सायन–ट्रॉम्बे रस्त्यावर ऑगस्टमध्ये दिसतो. मानखुर्दपासून ट्रॉम्बेपर्यंत सिग्नलला विकायला येणाऱ्या ध्वजांत एखादा जवळजवळ चौकोनी, एखादा पंचासारखा लांबट. कुठे चक्र अंडाकृती, कुठे हिरवा पट्टा शिलाईत दुमडून अरुंद झालेला. हुबळी किंवा नांदेडच्या खादी केंद्रातून असा ध्वज बाहेर पडला नसता. तो तपासणीतच बाद झाला असता. रस्त्यावरच्या ध्वजाला तपासणारा कोणी नाही. तो विकत घेणारा हाच शेवटचा तपासनीस.

१६/१७
“भावना महत्त्वाची, माप कशाला?” हा आक्षेप मला ठाऊक आहे. भावनेचा आदर आहेच. पण अरुंद हिरवा किंवा फुगलेला केशरी पट्टा घेऊन फडकणारा ध्वज १९३१ आणि १९४७ चे ठराव नकळत बदलून सांगतो. मात्र याच कारणासाठी शेजाऱ्याच्या खिडकीचे छायाचित्र काढून त्याची समाजमाध्यमांवर नाचक्की करणे मला त्याहून वाईट वाटते. सिग्नलवर ध्वज विकणाऱ्या मुलाला दरडावणे तर लाजिरवाणेच. दोष असलाच तर घाऊक छपाई करणाऱ्याचा आणि न पाहता घेणाऱ्या आपला. ध्वजाच्या वेष्टनावर आकार व चक्राचा व्यास छापणे विक्रेत्याला बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे.

१७/१७
तोवर चार गोष्टी स्वतः पाहा. लांबी उंचीच्या दीडपट आहे का? तिन्ही पट्टे फूटपट्टीवर सारखे भरतात का? चक्र आडवे व उभे सारख्याच व्यासाचे आहे का? आरे २४ आहेत का? पडद्यावरील चित्रालाही हीच कसोटी लावा. चक्र अंडाकृती दिसले की चित्र ताणलेले आहे, ते पुढे पाठवू नका. घरातील ध्वज मोजून पाहा आणि लांबी, उंची व व्यास हे तीन आकडे खाली लिहा. कोणत्या आकाराला कोणते प्रमाण येते, ते आपण मिळून पाहू.