पिल्लाला दूध पाजण्याआधी



पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की गल्लीबोळांत, बांधकामाच्या ढिगाऱ्यामागे, शाळेच्या कुंपणाशी कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्या बहुतेक करून याच दिवसांत वितात. मग एखाद्या संध्याकाळी एखादं मूल डोळेही न उघडलेलं पिल्लू ओंजळीत घेऊन दारात उभं राहतं. "आई, हे एकटंच होतं गं. मरेल का ते?"

अशा वेळी घरातून साधारण दोन उत्तरं येतात. एक, "आधी जिथून आणलंस तिथे ठेवून ये आणि हात धू." दुसरं, "बिचारं! वाटीत थोडं दूध दे त्याला." पहिलं उत्तर आपल्याला कठोर वाटतं आणि दुसरं प्रेमळ. पण तान्ह्या पिल्लाच्या बाबतीत दुसरं उत्तर बऱ्याचदा जीवघेणं ठरतं, आणि पहिल्या उत्तरात थोडं शहाणपण असतं. आपण मुलांना प्राण्यांवर दया करा असं सांगतो, निबंधही लिहून घेतो. दया करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र सांगायचं राहून जातं. मला वाटतं, दयेला माहितीची जोड दिली नाही तर ती शिकवण अर्धीच राहते. हे पटावं म्हणून आईविना पडलेल्या एका पिल्लाला काय काय लागतं, तेच आज क्रमाने पाहू.

आधी आईची वाट पाहा

पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते अनाथ झालं असं नाही. कुत्रीलाही पोट आहे. ती खायला शोधायला जाते आणि परत येते. म्हणून पहिलं काम म्हणजे लांब उभं राहून वाट पाहणं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करत नाही, असं आपण सर्रास सांगतो. कुत्रीच्या बाबतीत ते खरं नाही. पिल्लू गरम असेल, पोट भरलेलं असेल, शांत झोपलेलं असेल, तर त्याला उचलणं म्हणजे आईपासून तोडणं.

आईच्या दुधाला तोड नाही, याचं एक शास्त्रीय कारणही मुलांना सांगावं. विल्यानंतरच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात, रोगांशी लढणारी प्रतिपिंडं असतात. पिल्लाचं आतडं ती जन्मानंतरच्या पहिल्या दिवसभरातच शोषून घेऊ शकतं, आणि तेही पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त. कुठल्याही डब्यातली पावडर ही उणीव पूर्ण भरून काढत नाही.

आई मेली असेल, बराच वेळ होऊनही आली नसेल, किंवा पिल्लू गार पडून सारखं कण्हत असेल, तर मात्र हात पुढे करायला हवा.

आधी ऊब, मग दूध

इथेच बहुतेकांचा क्रम उलटा होतो. पिल्लू रडतंय म्हणजे भुकेलं आहे, असं समजून आपण लगेच तोंडात दूध घालतो.

नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराचं तापमान राखता येत नाही. पहिले काही दिवस तर त्याला थंडीने कुडकुडताही येत नाही. मोठ्या कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, तर पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं ३५ ते ३७ अंशांच्या आसपास. ते त्याहून खाली गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते. पाजलेलं दूध पचत नाही, पोटात तसंच राहतं, पोट फुगतं आणि पिल्लू दगावतं. आपण म्हणतो, "दूध पाजलं होतं हो, तरी गेलं." पाजलं होतं हे खरं, पण गार पिल्लाला पाजलं होतं.

म्हणून पिल्लाला आधी अंगाशी धरा. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं मऊ कापड घाला. बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलमध्ये गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती ३० अंशांच्या आसपास ऊब हवी. पूर्वी खोक्यावर पिवळा बल्ब लावायचे. आता घरोघरी एलईडी दिवे आहेत आणि त्यांची तशी ऊब पडत नाही, हेही लक्षात असू द्या. अगदी गार पडलेल्या पिल्लाला घाईने तापवू नका, तास-दोन तास घेऊन हळूहळू गरम करा. अंग उबदार झालं आणि तोंडात स्वच्छ बोट घातल्यावर ते चोखू लागलं, की मग दुधाचा विचार. चोखतच नसेल तर घरी खटपट न करता थेट पशुवैद्यांकडे न्या.

दूध म्हणजे दूधच ना?

नाही. विज्ञानाच्या तासाला घेण्यासारखा हा मुद्दा आहे. गाईच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रथिनं आणि चार टक्क्यांच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात. कुत्रीच्या दुधात या दोन्हींचं प्रमाण जवळजवळ दुप्पट असतं आणि दुग्धशर्करा मात्र कमी. कारण उघड आहे. वासराला वाढायला वेळ आहे, पिल्लाला नाही. निरोगी पिल्लाचं वजन साधारण दीड आठवड्यात दुप्पट होतं.

साधं गाईचं दूध पाजलं तर पिल्लू उपाशी राहतं आणि त्याला जुलाबही होऊ शकतात. एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे काही तासांत शरीरातलं पाणी संपणं. "पचायला जड नको" म्हणून त्यात पाणी घातलं, तर उरलंसुरलं पोषणही पातळ होतं. म्हशीच्या दुधात स्निग्ध पदार्थ जास्त असले तरी दुग्धशर्करा जास्तच असते. आपल्या बाळांसाठीची पावडरही माणसाच्या बाळाच्या मापाची असते.

पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. शहरात पाळीव प्राण्यांच्या दुकानात ती सहज मिळते. गावात मिळत नसेल, तर जवळच्या गुरांच्या दवाखान्यात विचारावं. डबा येईपर्यंत काय द्यायचं तेही तिथल्या डॉक्टरांनाच विचारावं, शेजारच्यांना नाही. पावडर आणि पाणी डब्यावरच्या मापानेच घ्यायचं. पौष्टिक व्हावं म्हणून एक चमचा जास्त घालणं आणि पावडर पुरवायची म्हणून कमी घालणं, दोन्ही त्रासदायक.

साडेसात मिलीचं गणित

"किती पाजू?" या प्रश्नाला "पोट भरेपर्यंत" हे उत्तर चालत नाही. समजा पिल्लाचं वजन ३०० ग्रॅम आहे. दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला २० मिली तयार दूध धरलं, तर दिवसाचं दूध ६० मिली. पहिल्या आठवड्यात दर तीन तासांनी पाजायचं, म्हणजे दिवसरात्र मिळून ८ वेळा. ६० भागिले ८ म्हणजे साडेसात मिली. चहाचे दीड चमचे!

पिल्लाच्या पोटात एका वेळी दर १०० ग्रॅम वजनामागे जेमतेम ४ मिली मावतं. आपल्या पिल्लासाठी ती मर्यादा १२ मिली. मायेने वाटीभर पाजणाऱ्याला हा आकडा दाखवा. प्रत्येक पावडरीचं प्रमाण थोडं वेगळं असतं, म्हणून डब्यावरचा तक्ता आणि डॉक्टरांचा सल्ला अंतिम समजावा. पण गणिताची रीत हीच.

रोज ठरावीक वेळी वजन करून वहीत लिहायचं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वजन रोज साधारण ५ ते १० टक्क्यांनी वाढायला हवं, म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लाचं १५ ते ३० ग्रॅम. एक दिवस वजन घटलं तर ती धोक्याची घंटा. शेकडेवारी आणि आलेख यांचा खराखुरा उपयोग मुलाला याहून चांगला कुठे दिसेल?

पालथं धरा, उताणं नाही

मुलं पिल्लाला बाळासारखं मांडीवर उताणं घेतात. दिसायला गोड दिसतं, पण तसं पाजलं तर दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पिल्लू आईला पितं तसंच पालथं, मान किंचित वर, असं धरायचं. दूध कोमट हवं, मनगटावर थेंब टाकून पाहावं. छोटी बाटली उकळून घेतलेली हवी. पिचकारीने जोरात ढकलायचं नाही, त्याला चोखू द्यायचं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पहिले साधारण तीन आठवडे पिल्लाला आपली आपण शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. आई नसेल तर प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्या जागी हलकेच फिरवावा लागतो. वर्गात सांगितलंत तर आधी हशा पिकेल. पिकू द्या. हसून झालं की मुलं शांतपणे विचार करतात, की आई नुसतं दूध पाजत नाही, केवढं काय काय करते.

रात्री कोण उठणार?

पालकांना माझी स्पष्ट विनंती आहे. "तू आणलंस ना, मग तूच बघ" असं मुलाला म्हणू नका. दर तीन तासांनी म्हणजे रात्री बारालाही आणि तीनलाही. हे दहा वर्षांच्या मुलाचं काम नाही. जबाबदारी शिकवायची म्हणून ती अख्खी त्याच्यावर टाकली आणि पिल्लू गेलं, तर "माझ्यामुळे मेलं" हे ओझं तो मनात घेऊन फिरेल. मोठ्यांनी रात्र सांभाळावी, मुलाने वहीतली नोंद, वजन, कापड बदलणं अशी कामं करावीत. घरात कुणालाच हे जमणार नसेल, तर तसं सरळ सांगून जवळच्या प्राणी-संस्थेला किंवा पशुवैद्यांना गाठावं. जमत नाही हे वेळेवर सांगणं म्हणजे दयाच आहे.

शाळेत पिल्लू ठेवावं का? माझं मत, नाही. शाळा पाचला बंद होते, पिल्लाची भूक नाही. शिवाय रेबीजचा धोका लहान पिल्लांकडूनही असतो. पिल्लू चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. मुलांनी ही गोष्ट घरी लपवता कामा नये. ओरडा बसेल या भीतीनेच ती लपवली जाते, म्हणून न ओरडण्याचं वचन आपण आधी द्यायला हवं.

काही पालक म्हणतील, "गल्लीत कुत्री आधीच कमी आहेत का? आमच्या मुलांना चावतात त्याचं काय?" हा राग खोटा नाही. पण त्याचं उत्तर पिल्लाला थंडीत मरू देण्यात नाही, नसबंदी आणि लसीकरणात आहे. ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांचं आहे, असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. वाचवलेल्या पिल्लाचं लसीकरण आणि पुढे नसबंदी करून घेणं, हेही वाचवण्यातच धरायला हवं.

आणि वाचलं नाही तर?

सगळं नीट करूनही काही पिल्लं वाचत नाहीत. आईजवळ असलेली पिल्लंसुद्धा पहिल्या काही आठवड्यांत बरीच दगावतात. हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावं. "आपण पूर्ण प्रयत्न करू, पण ते वाचेलच असं नाही." गेल्यावर "ते त्याच्या आईकडे गेलं" असली गोष्ट रचू नये, किंवा रात्रीतून खोकं गायब करू नये. मूल रडेल. रडू द्यावं, आपण शेजारी बसावं. वहीतल्या नोंदी त्याला दाखवाव्यात. त्याने किती वेळा वजन केलं, किती वेळा कापड बदललं, ते सगळं तिथे लिहिलेलं असेल.

आपल्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीला नागरिकांची मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हेही एक कर्तव्य आहे. ते पान आपण क्वचितच उघडतो. या थंडीत एक तास त्या पानासाठी द्या. फळ्यावर चार ओळी लिहा: आई शोधा, ऊब द्या, योग्य दूध मापून पाजा, मोठ्यांना सांगा. मग ३०० ऐवजी २४० ग्रॅमच्या पिल्लाचं गणित मुलांना सोडवायला द्या. उत्तर सहा मिली येतं. ज्याचं साठ येईल, त्याला दशांश चिन्ह कुठे चुकलं ते तर दाखवाच, पण त्या चुकीने पिल्लाचं काय झालं असतं तेही विचारा.