सेवा करणाऱ्याचा विसावा

आषाढ शुद्ध एकादशीच्या निमित्ताने आज घरोघरी पुंडलिकाचे स्मरण होईल. आईवडिलांचे पाय चुरीत बसलेल्या त्या भक्ताने दारी आलेल्या परब्रह्मास वीट दिली आणि तिष्ठत उभे केले. महाराष्ट्राच्या भक्तिमार्गाचा अवघा डोलारा या एका कथेवर उभा आहे. तिचा महिमा सांगावा तितका थोडाच. तथापि आज आपल्या घरांची जी स्थिती झाली आहे ती पाहता, सेवा घेणाऱ्या वृद्धांकडे जेवढे लक्ष जाते तेवढे सेवा करणाऱ्याकडे जाते काय, हा प्रश्न विचारणे भाग पडते. त्याचा विचार करताना ख्रिस्ती धर्माने या बाबतीत काय शिकविले व काय उभारले, हेही पाहावयाचे आहे. चांगली गोष्ट कोणाच्या अंगणातली आहे हे पाहून ती टाकावी, अशी आपल्या संतांची शिकवण नाही.

मुक्ताईची पालखी ज्येष्ठातच कोथळीहून निघते आणि जवळजवळ महिनाभर चालून पंढरीस पोहोचते. खानदेशातील हजारो पावले तिच्यासंगे चालतात. परंतु प्रत्येक गावात काही माणसे अशी असतात की ज्यांना वेशीपर्यंतही जाता येत नाही. घरी पक्षाघाताने अंथरुणास खिळलेली सासू असते, स्मृती हरपलेले सासरे असतात, कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील दीर असतो. मुलगे सुरतेस, पुण्यास वा नाशकास पोटापाण्याला गेलेले. जळगावच्या वा धुळ्याच्या इस्पितळात महिना-पंधरवडा काढल्यावर डॉक्टर म्हणतात, आता घरी न्या. त्या क्षणापासून घर हेच इस्पितळ होते आणि घरातील सून, मुलगी अथवा पत्नी ही तेथील एकुलती एक परिचारिका. तिला पाळी नाही, रजा नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलावी लागते, आणि ते दोन तास रात्रीही मोजावे लागतात. आमच्याकडच्या वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि वीज जाते, तेव्हा हातात पंखा घेऊन बसणारीही तीच.

रावेरकडील एका गावी सप्ताहातील कीर्तन आटोपल्यावर अशीच एक बाई पाया पडावयास आली. सात वर्षे सासूचे करीत होती. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "महाराज, मला आताशा कंटाळा येतो. रागही येतो. रात्री त्यांनी हाक मारली की ऐकू न आल्यासारखं करावं वाटतं. हे पाप का हो?" मी म्हणालो, "माय, तू शेवटची पुरी झोप कधी घेतलीस?" तिला आठवेना. "मग हे पाप नाही, हा थकवा आहे," एवढेच मी सांगितले. तिच्या डोळ्यांना धार लागली. वारीला का येत नाहीस, असे तिला गावात सगळे विचारीत. आणि ती कधी कुरकुरली तर तीच माणसे तिला पुंडलिकाचा दाखला देऊन गप्प करीत.

कथेचा असा उपयोग होऊ लागला की कथेचे शस्त्र होते.

सरकारी पातळीवर काय आहे तेही पाहू. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीप्रमाणे, १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करतात व त्यात दिवसाची सुमारे १४० मिनिटे घालवितात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के व ७४ मिनिटे असे आहे. यात मुलाबाळांचे करणेही आले. पण हे सरासरीचे आकडे झाले. अंथरुणावरच्या रोग्याचे करणारीचा दिवस मिनिटांत मावत नाही. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यात 'अपत्य' म्हणून मुलगा, मुलगी, नातू व नात यांची नावे आहेत. सुनेचे नाव नाही. ते घालण्यासाठी २०१९ साली दुरुस्ती-विधेयक आले, ते संमत झाले नाही. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात जिचा उल्लेखही नाही, तिच्याच पाठीवर व्यवहारात सारा भार. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, त्याच वर्षी महाराष्ट्राने पासष्टीपुढील गरजूंना उपकरणांसाठी तीन हजार रुपये देण्याची वयोश्री योजना काढली. दोन्ही स्तुत्य. पण पहिलीचा लाभ इस्पितळाच्या दारात, दुसरीचा काठी-चष्म्याच्या दुकानात; घरच्या खाटेशी जागणारीपर्यंत यातले काही पोहोचत नाही. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात मात्र, मोबदला न घेता सेवा करणाऱ्या कुटुंबीयालाही 'काळजीवाहक' म्हटले आहे आणि अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक-भत्त्याची तरतूद सुचविली आहे. केरळने तर अशा सेवेकऱ्यांना 'आश्वासकिरणम्' या योजनेखाली दरमहा सहाशे रुपये ठरविले. रक्कम क्षुल्लक, परंतु सेवा करणारा हाही एक मोजण्याजोगा मनुष्य आहे ही मान्यता क्षुल्लक नव्हे.

आपल्या प्राचीनांनी ती फार पूर्वी दिली होती. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे ते म्हणतात. खाटेचा एक खूर मोडला तर उरलेले तीन कितीही भक्कम असोत, खाट कलंडणारच. आज आपण वैद्य मोठ्यातला मोठा शोधतो, औषध महागातले महाग आणतो आणि तिसऱ्या पादाला रात्ररात्र जागवितो. अखंड जागणाऱ्यास योग साधत नाही, असे भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. जे योग्याला साधत नाही ते एखाद्या सुनेला कसे साधावे?

आता ख्रिस्ती धर्माकडे वळू. खानदेशास हा धर्म अगदीच अनोळखी नाही. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे मिशन इस्पितळ कित्येक दशके आदिवासी रोग्यांच्या उपयोगी पडत आले आहे. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. मराठी ख्रिस्ती परंपरा म्हटली की रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव घ्यावे लागते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंगाची, भजनाची आणि कीर्तनाची वाट सोडली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. धर्मांतराचा वाद हा वेगळा विषय, त्यात येथे शिरावयाचे नाही.

या धर्मात सेवेचे माहात्म्य किती आहे हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या ग्रंथात सेवा करणाऱ्याच्या विश्रांतीविषयीही बरेच आहे, ते तितकेसे सर्वश्रुत नाही. सातव्या दिवशी काम थांबवावे ही आज्ञा घरच्या धन्यापुरती नाही. दासदासी आणि बैलगाढव यांचाही तीत स्पष्ट उल्लेख आहे. बैलाला पोळा आपणही दिला. पण त्यांचा पोळा दर सात दिवसांनी येतो, आणि चुलीपाशी राबणारी दासीही त्यात धरलेली आहे. एलिया नावाचा त्यांचा एक ईश्वरदूत थकून, जीव नकोसा होऊन रानात झाडाखाली पडला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून भाकरी व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. पुढचा प्रवास त्यानंतर. थकलेल्या माणसास आधी अन्न व झोप द्यावी आणि मग बोलावे, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

मार्काच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. लोकांची ये-जा इतकी की शिष्यांना जेवावयासही सवड नाही. तेव्हा येशू त्यांना एकांत जागी जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगतो. ते नावेने निघतात, तर लोक काठाकाठाने धावत जाऊन त्यांच्याआधी तेथे हजर! विसावा राहिला बाजूला. घरी रोगी असलेल्या कोणत्याही गृहिणीने हे वाचले तर तिला हसू येईल. तिची ताटावरून उठण्याची वेळ आणि रोग्याच्या हाकेची वेळ नेहमी एकच असते. पण येशूने तो विचार सोडला नाही. लोकांना जेवू घातल्यावर त्याने शिष्यांना नावेत बसवून पुढे धाडले, जमाव पांगविला आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेस गेला. आणि क्रूसावर प्राण जाण्यापूर्वी त्याने आपल्या आईला आपल्या एका शिष्याच्या स्वाधीन केले. मातृसेवेचा भार रक्ताच्या नात्याबाहेरील मित्रावर सोपविला आणि त्याने तो उचलला. आपल्याकडे 'आमचे आम्ही बघू' या अभिमानात किती घरे आतल्या आत मोडतात!

पुढे याच विचाराची एक संस्था झाली. मध्ययुगात युरोपात यात्रेकरूंसाठी मठांतून विसाव्याची घरे असत. थकलेल्या वाटसरूने तेथे पाठ टेकावी, जखमा बांधून घ्याव्या आणि पुढे जावे. त्यांना 'हॉस्पिस' म्हणत. आपल्या भाषेत यात्रेच्या वाटेवरची धर्मशाळाच. सिसिली साँडर्स ही इंग्लंडमधील श्रद्धाळू ख्रिस्ती स्त्री. आधी परिचारिका होती, मग डॉक्टर झाली. तिने १९६७ साली लंडनमध्ये असाध्य रोग्यांसाठी घर उघडले तेव्हा मुद्दाम हाच जुना शब्द घेतला. रोग्याचे दुःख शरीरापुरते नसते आणि रोग्याबरोबर त्याचे कुटुंबही संस्थेने सांभाळावयाचे असते, ही तिची दृष्टी. भारतातील पहिले असे घर १९८६ साली मुंबईस वांद्रे येथे 'शांती आवेदना सदन' या नावाने निघाले. शल्यविशारद डॉ. लुई डिसूझा यांचा त्यात पुढाकार; होली क्रॉस संघाच्या भगिनी तेथे कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रोग्यांची, जात-धर्म न पाहता व मोबदला न घेता, सेवा करीत आल्या आहेत. अशा घरांची एक उपयुक्त रीत जगात इतरत्र रूढ आहे: घरच्या माणसाला उसंत मिळावी म्हणून रोग्याला काही दिवस ठेवून घेणे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. त्या धर्मातही सारे आलबेल आहे असे नाही. 'आपला क्रूस आपण वाहावा' या वचनाचा आधार घेऊन तेथेही कित्येक पत्नींना व मुलींना गप्प बसविले गेले असेल, जसे आपल्याकडे पुंडलिकाच्या नावाने बसवितात. मार्था पाहुण्यांसाठी राबते आणि मेरी येशूपाशी बसून ऐकते, या त्यांच्या कथेत बोल लागतो तो राबणारीलाच. मला ती कथा पुरती पटत नाही. येशू ऐकवीत होता ते ठीक. पण मार्थेच्या चुलीवरचे कोणी उतरविले, हे ग्रंथकाराने लिहिलेले नाही.

आपल्या परंपरेत मात्र ते लिहिलेले आहे. पुंडलिकासाठी देव थांबला, पण जनाबाईसाठी देव थांबून राहिला नाही. तो तिच्या जात्याशी बसला आणि त्याने खुंटा धरला. शेणी वेचल्या, पाणी भरले. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडी वाहिल्या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या या मुलखात जात्याची गोष्ट निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. दोघींनी खुंटा धरला की जाते हलके होते, हे जिने दळले आहे तिला ठाऊक आहे. तेव्हा जे घर अंथरुणावरच्या रोग्याचे करीत आहे तेथे पुंडलिकाची कथा जरूर सांगावी, पण सांगणाऱ्याने आधी स्वतः जनाबाईची कथा आचरावी.

आपली भेटीला जाण्याची रीतच पाहा. डझनभर केळी वा बिस्किटाचा पुडा घेऊन चौघे जातात, रोग्याच्या उशाशी बसतात, 'फार वाळल्या हो' असे त्याच्यादेखत म्हणतात, आणि जिला क्षणाचीही उसंत नाही तिच्या हातचा चहा पिऊन निघतात. जाताना तिला सांगतात, 'स्वतःलाही जप बरं.' जपावे कधी? त्याऐवजी त्यांतील एकाने रात्री दहा ते दोन खाटेशी बसावे व तिला दुसऱ्या खोलीत निजू द्यावे. एखादीने चार भाकऱ्या थापून न्याव्यात. मुलग्याने सुरतेहून नुसते पैसे पाठवू नयेत. वर्षातून पंधरा दिवस येऊन आईची कूस स्वतः बदलावी, म्हणजे दोन तास किती लवकर येतात ते कळेल. केंद्र शासनाचा १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा दूरध्वनी क्रमांकही भिंतीवर लिहून ठेवावा.

आणि ज्या गावी अखंड हरिनाम सप्ताह होतो त्या गावाला तर ही व्यवस्था शिकवावयास नको. सप्ताहात वीणा आठही प्रहर खाली ठेवीत नाहीत. पण एकच वीणेकरी सात दिवस उभा राहतो काय? पहाऱ्याची यादी मंदिराच्या भिंतीवर लागते. घटका भरली की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि पहिला निःशंक मनाने घरी जाऊन झोपतो. वीणा सोडली म्हणून त्याला कोणी अभक्त म्हणत नाही. पालखीलाही वाटेत विसावे नेमून दिलेले असतातच. आता चातुर्मास लागत आहे, गावोगावी सप्ताहांच्या बैठका होतील, वर्गणी ठरेल, कीर्तनकारांना निरोप जातील. त्याच बैठकीत गावातील अंथरुणावरच्या रोग्यांची घरे मोजावीत. मोठ्या गावातही ती दहा-बारांपेक्षा फारशी अधिक निघणार नाहीत. वीणेच्या पहाऱ्याला जेवढी नावे मिळतात त्यांच्या निम्मी जरी या घरांसाठी मिळाली, तरी प्रत्येक घरी आठवड्यातून एक रात्र पाळी बदलता येते. आणि ती दुसरी यादी मंदिरात पहिल्या यादीशेजारीच लावता येते.