फॉरमॅट माराच लागते

सर्दी झाली म्हणून आपण डॉक्टरकडे जावं आणि त्यांनी नाडीही न पाहता "तिरडी बांधा" म्हणावं, तर आपण त्यांना फी देऊ काय? नाही देणार. पण संगणक दुरुस्त करणारा मनुष्य नेमकं हेच सांगतो आणि आपण त्याला फी तर देतोच, वर चहाही पाजतो.

माझ्या घरच्या संगणकाचं दुखणं एवढंच होतं की, त्याचा सी ड्राइव्ह भरला होता. ५०० जीबीची डिस्क. त्यातले १०० जीबी सीला आणि बाकी सगळे डीला. विकणाऱ्यानं कोणत्या शास्त्रानं ही वाटणी केली होती, देव जाणे! सीमध्ये एका खोलीत नऊ माणसं, आणि डी म्हणजे रिकामा वाडा. शेवटी आमच्या वाशिमातल्याच एका दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. त्यानं खुर्ची ओढायच्या आधीच निदान केलं.

"काकाजी, फॉरमॅट माराच लागते."

अशा वेळी वऱ्हाडात जन्मलेल्या माणसानं एकच प्रश्न विचारायचा असतो : "काऊन?" तो मी विचारला नाही. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाची ही खोड असते. समोरचा ठामपणे बोलला की हात आपोआप सहीकडे जातो.

"तुमचा डेटा डीमधी हाये न?"

"हाये," मी ठोकून दिलं.

दोन तासांनी संगणक कोरा करकरीत झाला. माझी बुद्धी मात्र त्यानंतर चालू झाली.

मला सांगा, बँकेत खतावणीचं पान भरलं की आम्ही काय करायचो? खाली "पुढे नेले" लिहायचो आणि पुढचं पान उघडायचो. पान भरलं म्हणून खतावणी बंबात घालणारा कारकून अजून जन्माला यायचा आहे. मग हाच न्याय डिस्कला का नको?

डिस्कच्या आरंभी एक लहानसा तक्ता असतो. कोणता हिस्सा कुठून सुरू होतो आणि कुठवर जातो, याची त्यात नोंद असते. तो डिस्कचा सातबाराच म्हणा ना! जुन्या पद्धतीच्या तक्त्यात तर मुख्य हिस्से जेमतेम ४ च मावत. हिस्सा लहानमोठा करायचा म्हणजे या सातबाऱ्यावर फेरफार घ्यायचा, आणि हिश्शाच्या आतली फाइलींची नोंदवही त्याला जुळती करायची. वावराचा धुरा सरकवायचा म्हणून उभं सोयाबीन कोणी पेटवून देतं काय?

आणि ही काही काल निघालेली विद्या नव्हे. नव्वदीच्या दशकातच पार्टिशन मॅजिक नावाचा कार्यक्रम हे काम करीत असे. जीपार्टेड २००४ पासून फुकट मिळतो. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून तर विंडोजच्या पोटातच डिस्क मॅनेजमेंट नावाच्या खिडकीत हिस्सा आकसण्याची आणि वाढवण्याची सोय आहे. वस्तू घरात, आणि आपण तिच्यासाठी गावभर फिरतो!

आता एक गोम आहे, ती लपवणार नाही. या खिडकीतून सी वाढवायचा तर मोकळी जागा सीला लागून, तीही उजव्या अंगाला हवी. डी आकसला तर जागा सुटते डीच्या पलीकडच्या टोकाला. म्हणजे जमीन मिळाली, पण मधे भावाचं वावर! कधी कधी मधे रिकव्हरीचा एक चिमुकला हिस्साही ठाण मांडून बसलेला असतो. मग "वाढवा"चं बटण फिकं पडतं, आणि फिकं बटण दिसलं की दुरुस्तीवाला फॉरमॅटचा धावा करतो. खरं तर दोन वाटा आहेत. डीतला माल बाहेरच्या डिस्कवर हलवायचा, डी मोडायचा, सी वाढवायचा, उरलेल्या जागेत डी पुन्हा उभा करायचा. किंवा पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड चालू करून सबंध डीच उजवीकडे सरकवायचा. याला काही तास लागतात आणि मधेच वीज गेली तर घात होतो. तेव्हा आमच्याकडे हे काम पावसाळ्यात करू नये. दोन्ही वाटांनी विंडोज जागच्या जागी राहतं.

"यात धोका हाये न काकाजी!" असं तो पोरगा नंतर म्हणाला. आहेच. म्हणून आधी सगळ्याची दुसरी प्रत काढावी. पण फॉरमॅटमध्ये धोका नसतो, तिथे खात्री असते! "मशीन फास्ट होते," हाही एक युक्तिवाद. घर जळाल्यावर झाडायचं काम कमी होतं, तसंच हे. डिस्कच खराब झाली असेल किंवा विषाणूंनी पार पोखरली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मीही हात जोडीन. पण जागा कमी पडणं हा रोग नव्हे. ती वाटणीची चूक आहे.

आणि वाटणीबद्दल वाशिमकराला कोणी शिकवावं? १९०५ साली जुना वाशीम जिल्हा मोडला आणि त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळ यांच्यात गेले. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोला आकसून वाशीम पुन्हा वेगळा निघाला. त्यासाठी रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर रिकामं करून लोकांना नव्यानं वसवलं काय? रात्री अकोला जिल्ह्यात झोपलेला मनुष्य सकाळी वाशीम जिल्ह्यात उठला. चूल तीच, गोठा तोच, शेजाऱ्याशी भांडणही तेच. अख्खा जिल्हा फॉरमॅटवाचून वेगळा होतो, आणि माझा सी ड्राइव्ह होत नाही?

डीमध्ये माझं सगळं होतं, हे मी खोटं बोललो नव्हतो. मला माहीतच नव्हतं. डेस्कटॉपवर दिसणारी वस्तू सीमध्ये असते, हे मला फॉरमॅटनंतर कळलं. तिथे बाबांच्या आवाजातली एक फाइल होती. जायच्या आदल्या वर्षी ओसरीवर बसून त्यांनी आमच्या वावराचे चारी धुरे सांगितले होते. उगवतीला कोणाची बाभूळ, मावळतीला कोणाची विहीर, कोणता दगड कोणी किती हात सरकवला. सातबारा आहे माझ्याकडे. त्यात तो आवाज नाही.

त्या पोरावर राग नाही. त्याला फॉरमॅटच शिकवलं होतं, त्यानं ते केलं. प्रश्न विचारणं माझं काम होतं.

तेव्हा मंडळी, उद्या तुमच्या दारी कोणी येईल आणि खुर्ची ओढायच्या आधीच म्हणेल, "फॉरमॅट माराच लागते." त्याला चहा अवश्य पाजा. पण कप हातात देण्याआधी विचारा, "काऊन?"