ठराव रब्बींचा, प्रश्न कोकणातील ज्यूंचा

झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये बदलीवर येणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला या शहराचा इतिहास एक धडा फार लवकर देतो. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव नेवाळकरांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी शास्त्रोक्त दत्तविधान केले. त्या प्रसंगी कंपनीचे अधिकारी साक्षीदार म्हणून हजर होते. तरीही १८५४ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केले. दत्तक पुत्राचा खासगी मालमत्तेवरील हक्क मान्य, गादीवरील अमान्य, अशी कंपनीची भूमिका होती. दत्तविधान धर्माने वैध की अवैध, या वादात कंपनी पडलीच नाही. त्याचा परिणाम कोठवर मानायचा, एवढेच ठरविण्याचा अधिकार तिने आपल्या हाती ठेवला.

या घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी आणखी एका मराठी भाषक समाजाला असाच अनुभव आला. फरक इतकाच, की या वेळी निवाडा देणारी सत्ता परक्या कंपनीची नव्हती, ती स्वधर्मीय धर्मगुरूंची होती. कोकणातील बेने इस्रायल हा तो समाज. जेरुसलेमच्या मुख्य रब्बीपीठाने १९६१ ते १९६४ या काळात त्यांच्याविषयी जे ठराव केले, बदलले आणि पुन्हा बदलले, त्यांतून ज्यू धर्मगुरूंच्या सामूहिक भूमिका कशा घडतात आणि कशाने हलतात, हे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

हा समाज महाराष्ट्राला परका नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून पूर्वज येथे आले, ही त्यांची परंपरागत कथा. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. आडनावे गावांवरून पडली, दिवेकर, पेणकर, केहिमकर, रोहेकर. ब्रिटिश फौजेतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेले सिनेगॉग आजही आहे आणि समाजात ते 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले जाते. मात्र या समाजाकडे एक गोष्ट कधीच नव्हती, ती म्हणजे स्वतःचे रब्बी. विवाह, सुंता आणि तंटे ही कामे गावोगाव फिरणारे काजी पाहत. पुढे कोचीनच्या ज्यूंकडून प्रार्थनेचे पाठ आले, जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रू आली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही झाली. धर्म टिकला, तो घरातल्या चालीरीती आणि पंचांची व्यवस्था यांच्या आधारावर. हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास (तो छापून आला १९३७ मध्ये) वाचताना हेच सतत जाणवते.

रब्बी नसणे ही उणीव भारतात फारशी अडली नाही. बगदादहून आलेले ज्यू बेने इस्रायलांना कमी लेखत. मुंबईच्या ज्यू दफनभूमीत दोन्ही समाजांमध्ये भिंत घालावी, असा अर्ज बगदादींनी १८३६ मध्येच सरकारकडे केला होता आणि रंगूनच्या सिनेगॉगमधील मताधिकाराचा वाद १९३० च्या दशकात न्यायालयापर्यंत गेला. पण हे तंटे शेजाऱ्यांमधले होते. त्यांत कोणाचा विवाह अडत नव्हता.

येथे रब्बींच्या अधिकाराचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. ज्यू धर्मात पोप नाही. रब्बी हा मुळात शिक्षक आणि न्यायाधीश. त्याच्या शब्दाचे वजन त्याच्या विद्वत्तेवर आणि त्याला मानणाऱ्यांवर अवलंबून. म्हणूनच रब्बींच्या संघटना ठराव करतात, जाहीरनामे काढतात आणि बहुधा एकमेकींना मानत नाहीत. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींच्या परिषदेने १९८३ मध्ये ज्यू पित्याच्या अपत्यालाही काही अटींवर ज्यू मानण्याचा ठराव केला. सनातनी पंथाने तो कधीच स्वीकारला नाही. तेथीलच कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मविधी समितीत २५ पैकी सहा मते मिळाली तरी एखादे मत अधिकृत ठरते. डिसेंबर २००६ मध्ये समलिंगी संबंधांच्या प्रश्नावर या समितीने एकाच दिवशी परस्परविरोधी मते अधिकृत ठरविली, आणि कोणते पाळायचे हे स्थानिक रब्बींवर सोडले. हा गोंधळ आहे, असे बाहेरच्याला वाटेल. वास्तविक ज्याच्या हाती दंडशक्ती नाही, अशा धर्मसंस्थेचा तो शहाणपणा आहे. झिऑनवादी चळवळीची पहिली परिषद १८९७ मध्ये म्युनिकला भरायची होती. तेथील ज्यू समाज आणि जर्मन रब्बींची संघटना यांनी विरोध केला, तेव्हा ती बाझेलला भरली. रब्बींचा ठराव जागा बदलू शकला, चळवळ थांबवू शकला नाही.

राज्यसत्ता पाठीशी उभी राहिली, की चित्र पालटते. पॅलेस्टाइनमधील मुख्य रब्बीपीठ ब्रिटिश अमलात १९२१ मध्ये स्थापन झाले. इस्रायलने ते कायम ठेवले आणि १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट पूर्णपणे रब्बी न्यायालयांच्या अखत्यारीत दिले. इस्रायलमध्ये नागरी विवाहाची सोय नाही. भारतात विशेष विवाह कायद्याखाली निबंधकासमोर उभे राहता येते. तेथे रब्बीने नकार दिला, तर देशात दुसरे दार उरत नाही. १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांना हे दार बंद झालेले दिसू लागले. त्याआधीही रोजगार आणि वागणुकीच्या तक्रारींवरून त्यांनी ठिय्या धरला होता आणि शंभराहून अधिक जण १९५२ मध्ये भारतात परतले होते, त्यांतील बरेच पुन्हा गेले. पण विवाहाचा प्रश्न अधिक खोलवर जाणारा होता.

रब्बींचा आक्षेप नेमका काय होता? हे लोक ज्यू आहेत का, हा मुख्य आक्षेप नव्हता. धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोटासाठी 'गेट' नावाचा विधिवत लेख लागतो. तो नसताना स्त्रीने दुसरा विवाह केला, तर त्या संततीवर असा कलंक येतो, की पिढ्यान्‌पिढ्या तिचा अन्य ज्यूंशी विवाह होऊ शकत नाही. अपत्याविना पती मरण पावल्यास विधवेने दिराशी विवाह करावा किंवा त्यातून विधिपूर्वक मोकळीक घ्यावी, असाही नियम आहे. शतकानुशतके रब्बींवाचून राहिलेल्या समाजाला हे नियम ठाऊक नसणार, म्हणून त्यांच्यात असा दोष शिरला असणार, हा तर्क होता. समाजाची बाजू घेणाऱ्यांचे उत्तर मोठे मार्मिक होते. कोकणात त्यांच्यात घटस्फोट जवळजवळ होतच नसत आणि शेजारच्या हिंदूंप्रमाणे विधवाही सहसा पुनर्विवाह करीत नसत. मग दोष शिरणार कोठून? ज्या रूढीविरुद्ध आगरकर आणि कर्वे झुंजले, तीच रूढी एका मराठी समाजाच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून जेरुसलेममध्ये पुढे यावी, हा इतिहासाचा विलक्षण खेळच म्हटला पाहिजे.

ऑक्टोबर १९६१ मध्ये रब्बीपीठाच्या परिषदेने बेने इस्रायलांशी विवाह निषिद्ध ठरविण्यास आधार नाही, असा निर्णय दिला. येथवर सारे ठीक होते. परंतु सनातनी गोटातून विरोध झाला आणि १९६२ च्या प्रारंभी मुख्य रब्बी यित्झाक निसिम यांनी विवाह नोंदविणाऱ्या रब्बींसाठी सूचना काढल्या. अर्जदार बेने इस्रायल असेल, तर त्याच्या आईच्या, आजीच्या आणि शक्य तितक्या मागील पिढ्यांच्या कुळाची चौकशी करावी. कुटुंबात घटस्फोट वा दिराशी विवाह यांचे प्रसंग होते काय, हे तपासावे. शंका उरल्यास प्रकरण रब्बी न्यायालयाकडे पाठवावे. निर्णय अनुकूल आणि परिपत्रक प्रतिकूल, ही जोडी सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्यांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या काळी इस्रायलमध्ये दोन मुख्य रब्बी असत, एक अश्कनाझी आणि एक सेफार्डी. अश्कनाझी मुख्य रब्बी हेर्झोग १९५९ मध्ये निधन पावले आणि त्यांची जागा १९६४ पर्यंत रिकामी राहिली. म्हणजे या वादाचा बहुतेक काळ निसिम एकटेच त्या पदावर होते. ते स्वतः बगदादचे. त्यामुळे मुंबईतील जुन्या बगदादी-बेने इस्रायल तेढीची छाया या सूचनांत अनेकांना दिसली. निसिम यांच्या मनात काय होते, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु सामूहिक म्हणविल्या जाणाऱ्या भूमिकेवर पदावरील व्यक्तीचा किती प्रभाव पडतो, हे यातून दिसले.

बेने इस्रायलांनी रब्बींना रब्बींच्या भाषेत उत्तर दिले नाही. ते देणारा धर्मपंडित त्यांच्याकडे नव्हताच. त्यांनी भारतातून नेलेली भाषा वापरली. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ज्यूइश एजन्सीच्या इमारतीसमोर त्यांनी सत्याग्रहाच्या धर्तीवर आंदोलन केले. धर्मशास्त्राचा प्रश्न अशा रीतीने समान नागरिकत्वाचा प्रश्न झाला आणि रब्बीपीठाच्या हातून निसटून राजकारण्यांच्या अंगणात आला. पंतप्रधान लेवी एश्कोल यांचे सरकार धार्मिक पक्षाच्या पाठिंब्याने चालत होते, त्यामुळे त्यांना रब्बींशी उघड झगडा नको होता. तरीही १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेचे खास अधिवेशन भरले. बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असून विवाहादी व्यक्तिगत बाबींतही त्यांचे हक्क इतर ज्यूंइतकेच आहेत, अशी सरकारची भूमिका तेथे संमत झाली आणि भेदभावाची भावना निर्माण करणारी कारणे रब्बीपीठाने दूर करावीत, असे आवाहन करण्यात आले.

रब्बीपीठाने महिनाअखेर माघार घेतली. ती कशी घेतली, हे मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. सूचना रद्द झाल्या नाहीत. त्यांतील 'बेने इस्रायल' हा उल्लेख तेवढा काढला आणि त्या जागी ज्याच्या कौटुंबिक स्थितीविषयी शंका आहे असा कोणीही, या अर्थाचे शब्द घातले. भेद कागदावरून गेला आणि चौकशीचा अधिकार राहिला. संसदेचा मान राहिला, आंदोलकांची मागणी पुरी झाली, धर्मशास्त्रालाही धक्का लागला नाही. तडजोड म्हणून ती कुशल होती, यात शंका नाही. पण शंका घेण्याचे काम ज्याच्याकडे, त्या गावोगावच्या नोंदणी करणाऱ्या रब्बीला तिने मोकळेच सोडले. १९९० च्या दशकातही पेताह तिक्वा येथे बेने इस्रायल वधूचा विवाह नोंदविण्यास नकार मिळाल्याचे प्रकरण गाजले, ते याच मोकळिकीतून.

या सबंध प्रकरणात भारत सरकार कोठेच नव्हते. इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली असली, तरी पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्येच प्रस्थापित झाले. आज तशी स्थिती नाही. मणिपूर-मिझोराममधील बनेई मेनाशे समूहाला सेफार्डी मुख्य रब्बी श्लोमो अमार यांनी मार्च २००५ मध्ये इस्रायलचे वंशज म्हणून मान्यता दिली, पण विधिवत धर्मांतराची अट घातली. त्यासाठी रब्बींचे पथक मिझोरामला आले. तेव्हा भारतीय भूमीवर अशा धर्मांतरास नवी दिल्लीने हरकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो कार्यक्रम थांबला. परदेशी धर्मपीठाचा ठराव हा येथे परराष्ट्र आणि गृह मंत्रालयांचा विषय ठरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये इस्रायलच्या मंत्रिमंडळाने उरलेल्या सुमारे ५,८०० बनेई मेनाशेंना २०३० पर्यंत नेण्याची योजना मंजूर केली. कोकणच्या ज्यूंनी नाकारलेली परीक्षा ईशान्येच्या या समूहाने पत्करली. एकाला आपण ज्यू आहोत हे ठाऊक होते, दुसऱ्याला ते सिद्ध करायचे आहे, हे त्यामागचे सरळ कारण.

रब्बींच्या भूमिकांचा हिंदूंशी थेट संबंधही अलीकडे दोनदा आला. मे २००४ मध्ये जेरुसलेमचे रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी तिरुपतीला अर्पण झालेल्या केसांपासून बनलेले टोप निषिद्ध ठरविले आणि ब्रुकलिनमध्ये स्त्रियांनी आपले टोप रस्त्यावर जाळले. पुढे फेब्रुवारी २००७ मध्ये नवी दिल्लीत हिंदू आणि ज्यू धर्मनेत्यांची शिखर परिषद भरली. इस्रायलचे मुख्य रब्बी योना मेट्झगर आणि स्वामी दयानंद सरस्वती त्यात होते. पुढील वर्षी जेरुसलेमच्या परिषदेत, हिंदू एकाच परमतत्त्वाची उपासना करतात, अशी भूमिका संयुक्त जाहीरनाम्यात आली. एल्याशिव कोणत्याही सरकारी पदावर नव्हते, पण त्यांचा शब्द एका आठवड्यात बाजार हलवून गेला. जाहीरनाम्यावर अधिकृत स्वाक्षऱ्या होत्या. केसांच्या प्रश्नावर त्याने काही बदलल्याचे दिसले नाही.

राजधानीत हुमायून रोडवर १९५६ पासून असलेल्या ज्युडा ह्याम सिनेगॉगमध्ये हा समाज आजही रब्बीशिवाय चालतो. पेशाने वकील असलेले इझिकेल आयझॅक मळेकर यांनी दीक्षित रब्बी नसताना तेथील धर्मकार्य अनेक वर्षे सांभाळले आणि सामूहिक प्रार्थनेच्या दहा जणांत स्त्रियांनाही मोजले. सनातनी रब्बींच्या कोणत्याही परिषदेने हे संमत केले नसते, पण येथे तशी संमती कोणी मागितली नाही. देशात पाच हजारांहूनही कमी उरलेल्या या समाजाला महाराष्ट्राने जून २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, गुजरातने २०१८ मध्ये. केंद्राच्या यादीत, जैनांचा २०१४ मध्ये झालेला समावेश धरून सहा समाज आहेत. ज्यू त्यांत नाहीत. त्यामुळे ठाण्यातील बेने इस्रायल विद्यार्थी राज्याच्या कागदावर अल्पसंख्याक ठरतो आणि त्याचे वडील बदलीवर झाशीला आले, तर उत्तर प्रदेशातील अर्जात त्याला 'इतर' या रकान्यात खूण करावी लागते.